पाण्याचा आकडा सभेपुढे ठेवताना

३१ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्य सरकारने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. सांगली जिल्ह्यातले शिराळा, कडेगाव, खानापूर आणि मिरज हे चार तालुके यादीत होते. आटपाडी आणि जत नव्हते. सातारा जिल्ह्यातले वाई आणि खंडाळा होते. माण आणि खटाव नव्हते. खानापूर तालुक्यातल्या आमच्या विट्याच्या चौकात त्या आठवड्यात दुसरा विषय नव्हता. चांदोलीच्या डोंगराला टेकलेला शिराळा दुष्काळी ठरतो आणि पिढ्यान्‌पिढ्या टँकरची वाट पाहणारे आटपाडी आणि जत ठरत नाहीत, हे कुणाच्याच गळी उतरेना. राजकारण झाले, दबाव आला, अशी कारणे लोकांनी आपापल्या परीने शोधली.

मला त्या यादीत मोजणीची पद्धत दिसली. केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ संहितेत पावसाची तूट हा पहिला निकष आहे, आणि तूट मोजायची ती त्या त्या तालुक्याच्या स्वतःच्या सरासरीशी ताडून. ज्याची सरासरी मोठी, तिथे त्या सरासरीच्या मानाने पाऊस घटला, तर कोरड्या तालुक्याहून जास्त पडूनही तूट ठळक दिसते. ज्याची सरासरीच तुटपुंजी, तिथे नेहमीइतका तुटपुंजा पाऊस झाला तर कागदावर सगळे ठीक असते. कायमचा कोरडेपणा या मापात सापडत नाही, कारण ते माप कायमच्या कोरडेपणासाठी केलेलेच नाही. पुढच्या दहा-बारा दिवसांत ओरड झाली आणि सरकारने तालुका हे एकक सोडून महसुली मंडळ हे एकक धरले. सरासरीच्या ७५ टक्क्यांहून कमी आणि एकूण ७५० मिलिमीटरहून कमी पाऊस झालेल्या १,०२१ मंडळांत दुष्काळसदृश स्थिती जाहीर झाली. पाऊस तोच होता, पर्जन्यमापक तेच होते. आकडे कोणत्या तुकड्यात मांडायचे एवढे बदलले आणि निर्णय बदलला.

गावपातळीवर पाण्याचे आकडे गोळा करणाऱ्या आणि ते ग्रामसभेपुढे ठेवणाऱ्या माणसांसाठी ही पुस्तिका तयार झाली आहे. ग्रामसेवक, शिक्षक, पाणीवापर संस्थेचे सचिव, बचत गटाच्या ताई, भूजल योजनांत काम करणारी तरुण मुले असे तिचे वाचक आहेत. मोजावे कसे हे शिकवणारे साहित्य आता बरेच मिळते. मोजून झाल्यावर त्याचे काय करायचे, यावर फार कमी लिहिले गेले आहे. गावोगावच्या कपाटांत पाण्याचे ताळेबंद पडून आहेत, ग्रामपंचायतींच्या भिंतींवर रंगवलेले तक्ते आहेत, आणि त्याच भिंतीपलीकडे नवीन बोअरची गाडी उभी आहे. तक्ता आणि बोअर यांची गाठ कधी पडतच नाही. ती पडावी कशी, हा या पुस्तिकेचा विषय आहे.

माझे म्हणणे एका वाक्यात सांगता येईल. आकडा ज्या निर्णयासाठी आहे त्याच्या मापात, त्याच्या वेळेला, आणि ज्यांनी तो निर्णय घ्यायचा त्यांच्या हातून मोजला जाऊन सभेत आला तरच त्यातून काही घडते. हे मी पुस्तकातून शिकलो नाही. विट्यापासून जवळच, येरळेच्या काठावर, ते घडून गेले आहे.

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. तो लांबला तसे खानापूर तालुक्यातले गिरणी कामगार गावी परतले. गावी आले तर इथे दुष्काळ. रोजगार हमीची खडी फोडायला जायचे, मजुरी थकायची, मोर्चा काढायचा, पुन्हा खडी. याच लोकांतून मुक्तिसंघर्ष चळवळ उभी राहिली, डॉ. भारत पाटणकर तिच्या अग्रभागी होते. तिची पहिली मागणी कामाची आणि मजुरीची होती, जशी कुठल्याही दुष्काळी भागात असते. मग लोकांनी वेगळा प्रश्न विचारला: दुष्काळ येतो तरी कशाने?

या प्रश्नाचे उत्तर घोषणेत नव्हते. त्यासाठी लोकविज्ञान चळवळीतले कार्यकर्ते आणि जाणकार यांना बरोबर घेऊन पाहणी झाली. पावसाच्या जुन्या नोंदी काढल्या. गावात पूर्वी कोणती पिके होती, विहिरी किती होत्या, नदी कोणत्या महिन्यापर्यंत वाहायची, हे म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहिले. प्रश्नावल्या घेऊन शेतकरीच शेतकऱ्यांकडे गेले. निष्कर्ष असा निघाला की पाऊस आटल्याची तक्रार नोंदींत टिकत नाही. पाऊस पूर्वीही असाच लहरी होता. बदलले होते ते पाण्याचे खर्चाचे खाते: नगदी पिके, उसाकडचा ओढा, विहिरींवरचे पंप. आणि बदलले होते येरळेचे पात्र. नदीतली वाळू ठेकेदार ट्रक भरभरून नेत होते. वाळूच्या थरात साठणारे पाणी वाळूबरोबरच गेले होते.

हा निष्कर्ष एखाद्या संस्थेने अहवालात छापून विट्याच्या तहसील कचेरीत दिला असता तर त्याचे काय झाले असते याची कल्पना कुणालाही करता येईल. इथे ज्यांनी मोजले त्यांच्याच शेताच्या कडेने वाळूचे ट्रक जात होते. मोजणाऱ्याला निष्कर्ष समजावून सांगावा लागत नाही. बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी ठरवले की वाळू उपसा थांबवायचा, आणि नदीतल्याच वाळूचा थोडासा हिस्सा आपण विकून त्या पैशातून येरळेवर धरण बांधायचे. सरकारचे म्हणणे की वाळू सरकारची, तिच्या लिलावाचा महसूल सरकारचा. त्यावर झगडा झाला. अभियंते के. आर. दाते यांनी तांत्रिक बाजू सांभाळली, बलवडीचे संपतराव पवार आणि दोन्ही गावांतले लोक राबले, बाहेरून तरुण मुले श्रमदानाला आली. ‘बळीराजा स्मृती धरण’ उभे राहिले.

धरणाची भिंत लोकांना दिसते. माझ्या मते या कहाणीतला मोठा निर्णय भिंतीआधीच झाला होता. पाणी जमिनीच्या प्रमाणात द्यायचे नाही, कुटुंबागणिक द्यायचे, भूमिहीनालाही वाटा द्यायचा, आणि या पाण्यावर ऊस लावायचा नाही, असे दोन गावांनी ठरवले. जमीनदाराला आपल्या हक्काचे वाटणारे पाणी शेजारच्या भूमिहीनाला द्यायला लावणारा निर्णय भाषणाने होत नसतो. तो हिशेबाने झाला. इतके पाणी आहे. ऊस केला तर इतक्याच शेतांना पुरते. भुसार, चारा आणि थोडी झाडे केली तर इतक्या कुटुंबांचे भागते. पर्याय दोनच, आणि दोन्हींची किंमत समोर मांडलेली. सभेला ‘हे बरोबर की चूक’ असा प्रश्न नव्हता, ‘यातले कोणते’ असा होता.

पुस्तिकेतल्या तिसऱ्या प्रकरणात आकड्यांची मापे बदलून दाखवली आहेत, त्यातला काही भाग इथे आधीच मांडतो, कारण तो मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो.

टेंभू योजनेचे नाव आपल्या भागात लहान पोरालाही ठाऊक आहे. कराडजवळच्या टेंभूतून, म्हणजे आगरकरांच्या जन्मगावातून, कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने उचलून सातारा, सांगली आणि सोलापूर जिल्ह्यांच्या कोरड्या पट्ट्यात आणायचे. १९९६ मध्ये मान्यता मिळाली तेव्हा योजनेत २२ टीएमसी पाणी आणि ८०,४७२ हेक्टर लाभक्षेत्र धरले होते. हे दोन आकडे भाषणांत, बातम्यांत, निवडणुकीच्या पत्रकांत इतक्यांदा आले की लोकांना पाठ आहेत. पण २२ टीएमसी ऐकून कुणाला काही ठरवता येते का? टीएमसी हे माप धरणाच्या अभियंत्याचे आहे. शेतकऱ्याला एकर कळतो, गुंठा कळतो, विहिरीच्या खोलीचा परस कळतो, मोटार किती तास चालली हे कळते, टँकर कळतो.

तेव्हा हिशेब असा करू. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर. २२ टीएमसी म्हणजे ६२,३०० कोटी लिटर. लाभक्षेत्र एकरांत सांगायचे तर साधारण १ लाख ९९ हजार एकर. भागून टाका: एकरी ३१ लाख लिटर. पाटातली गळती, बाष्पीभवन, पिण्याचे पाणी, काहीही वजा न करता. आता उसाला उभ्या हंगामात साधारण १,५०० ते २,५०० मिलिमीटर पाणी लागते. एकरावर एक मिलिमीटर म्हणजे ४,०४७ लिटर. म्हणून एक एकर ऊस म्हणजे ६० लाख ते एक कोटी लिटर. ज्वारीला ४५० ते ६५० मिलिमीटर, म्हणजे १८ ते २६ लाख लिटर. यात पावसाचा वाटा येतो हे खरे, ठिबकने बचत होते हेही खरे. पण पाटाने पाणी सोडून एक एकर ऊस काढणारा आपल्या वाट्याबरोबर शेजारच्या एका-दोघांचा वाटाही वापरत असतो, एवढे या भागाकारातून कुणालाही दिसते. टीएमसीत ते कधीच दिसले नसते.

आणखी एक मांडणी. हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की दहा हजार लिटर पाणी होते, म्हणजे बरोबर एक टँकर. दुष्काळात टँकरमागे हंडे घेऊन धावलेल्या बाईला पावसाचे मिलिमीटर सांगू नका. आपल्या अडीच एकरावर किती टँकर पडले ते सांगा. पुढे जायचे असेल तर अडीच हजार वस्तीचे गाव घ्या. माणशी रोज ५५ लिटर या सरकारी मानाने गावाला वर्षभर प्यायला-वापरायला ५ कोटी लिटर पाणी लागते. पावसाचे ५०० मिलिमीटर सगळेच्या सगळे उसाच्या मुळाशी मुरले असे धरले तरी एकरी ४० ते ८० लाख लिटर वरून द्यावे लागतात. म्हणजे सहा ते बारा एकर उसाचे पाणी आणि आख्ख्या गावाचे वर्षाचे पाणी सारखे झाले. हा आकडा मी ज्या ज्या सभेत मांडलेला पाहिला तिथे काही क्षण कुणी बोलले नाही, आणि मग सगळे एकदम बोलले.

इथे एक इशारा द्यायलाच हवा. हाच आकडा ऊसवाल्याच्या तोंडावर फेकला तर सभा तिथेच संपते. तो ऊस हौसेने लावत नाही. कारखाना घेऊन जातो, भाव कायद्याने ठरलेला, सोसायटीचे कर्ज उसावर सहज मिळते, गारपिटीत ऊस टिकतो, आणि मजूर मिळेना झाला तरी टोळी येऊन तोडून नेते. या प्रत्येक गोष्टीला उत्तर दिल्याशिवाय त्याच्यापुढे फक्त लिटर ठेवणे म्हणजे त्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे. लिटरच्या शेजारी रुपयाचा रकाना हवा. आटपाडीच्या डाळिंबाने, तासगावच्या द्राक्षाने थोड्या पाण्यावर पैसा करून दाखवला आहे. त्यांचा खर्च, त्यांची जोखीम आणि ज्या वर्षी रोग पडला त्या वर्षीचा तोटा, हेही त्याच तक्त्यात प्रामाणिकपणे यायला हवे. पर्यायाची वाईट बाजू लपवून मांडलेला तक्ता गाव एकदाच ऐकते.

सरासरीचे एक वेगळे प्रकरण पुस्तिकेत नाही, ते असायला हवे होते असे मला वाटते, म्हणून ती उणीव इथे थोडी भरून काढतो. अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर मूळ साताऱ्याचे. १९२० साली तिथे जन्मले. प्रादेशिक असमतोलाचा अभ्यास करायला १९८३ मध्ये त्यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली, १९८४ मध्ये अहवाल आला. राज्याच्या सरासरीहून कोणता जिल्हा रस्ते, सिंचन, शाळा, वीज यांत किती मागे आहे हे मोजून समितीने अनुशेषाचा आकडा काढला: ३,१८६ कोटी रुपये. महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनात इतका परिणाम करणारे आकडे थोडेच. ‘मागासलेपण’ हा तक्रारीचा विषय होता, तो दांडेकरांनी रुपयांत मांडला आणि पुढची कितीतरी वर्षे अंदाजपत्रकावरची भांडणे त्या आकड्याच्या आधाराने झाली. विकासाचा निर्णय कुणी मागायचा आणि किती मागायचा, याला एक पाया मिळाला.

पण मोजणीचे एकक जिल्हा होते. सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठचा वाळवा आहे आणि माणदेशाला चिकटलेले आटपाडी आहे. दोघांची सरासरी काढली की जो जिल्हा तयार होतो तो जमिनीवर कुठेच नाही. वाळव्याचे पाटबंधारे आटपाडीच्या नावावर जमा होतात आणि आटपाडीची तहान वाळव्याच्या हिरवाईत झाकली जाते. १९९३ पासून आटपाडीत भरणाऱ्या पाणी परिषदांचे मोल यासाठी मोठे आहे. वाळव्याचे क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, सांगोल्याचे गणपतराव देशमुख आणि भारत पाटणकर यांनी जिल्ह्याच्या सीमा ओलांडून तीन-चार जिल्ह्यांतले दुष्काळी तालुके एका मागणीखाली आणले. नागनाथअण्णा स्वतः बागायती काठाचे. त्यांनी कोरड्या तालुक्यांचा हिशेब आपला मानला. जिल्ह्याच्या सरासरीत जे दिसत नव्हते ते तालुक्यांची वेगळी मोट बांधल्यावर राज्याला दिसले. पुढे पाणी येऊ लागले तेव्हा चळवळीचा प्रश्नही बदलला. ‘पाणी द्या’ इथून ‘पाणी कसे वाटणार’ इथवर तो आला. बंद पाइपातून, शेताच्या तोंडापर्यंत, समन्यायी वाटपाने, हा आग्रह बलवडीच्या हिशेबाचाच पुढचा आकडा आहे.

आकडे घेऊन सत्तेपुढे जाण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. ‘सार्वजनिक काका’ गणेश वासुदेव जोशी हे मूळचे साताऱ्याचे. त्यांच्या पुढाकाराने चालणाऱ्या पुण्याच्या सार्वजनिक सभेने १८७६-७७ च्या दुष्काळात जिल्ह्याजिल्ह्यांत माणसे पाठवून पिकांची, गुरांची, मजुरीची माहिती गोळा केली आणि सरकारकडे वारंवार अहवाल धाडले. याच काळात फ्लॉरेन्स नाइटिंगेल इंग्लंडात बसून भारतातल्या आरोग्याचे आणि दुष्काळाचे आकडे अभ्यासत होत्या. त्यांचा या सभेशी पत्रव्यवहार होता. क्रिमियाच्या युद्धात सैनिक गोळ्यांपेक्षा रोगाने जास्त मेले, हे त्यांनी रंगीत वर्तुळाच्या आकृतीत दाखवले, कारण तक्ते वाचायला मंत्र्यांना सवड नसते हे त्यांना ठाऊक होते. आपल्या गावच्या सभेत मंत्र्याच्या जागी दिवसभर खुरपून आलेली बाई बसलेली आहे. तिलाही सवड नाही.

म्हणून मांडणीच्या काही व्यावहारिक गोष्टींकडे वळतो. यांत वेळ ही सर्वांत दुर्लक्षित. २ ऑक्टोबरची ग्रामसभा बहुतेक गावांत होते. रब्बी ज्वारीची पेरणी सप्टेंबर-ऑक्टोबरात, पूर्वहंगामी उसाची लागण साधारण ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा वर्षातून चार वेळा निरीक्षण विहिरी मोजते: जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. पावसाळ्यानंतरचे मोजमाप हे सगळ्यांत मोलाचे, पण ते कचेरीतून कागदावर उतरून गावात येईपर्यंत ऊस मांडीएवढा झालेला असतो. तेव्हा सप्टेंबर संपता संपता गावाने आपल्या दहा-बारा विहिरी स्वतः मोजल्या पाहिजेत. यंत्रणेच्या आकड्याशी ते नंतर ताडून पाहता येतील. दोन ऑक्टोबरला सभेत असलेला ढोबळ आकडा जानेवारीत आलेल्या अचूक आकड्याहून कितीतरी उपयोगी. मात्र तो ढोबळ आहे हे सांगून ठेवायचे: ‘पाणी इतके आहे’ म्हणण्याऐवजी ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत असेल’ असे. शेतकरी आयुष्यभर अंदाजावर पेरतो. त्याला दोन टोके सांगितली तर तो गोंधळत नाही. छातीठोक सांगितलेला एकच आकडा मार्चमध्ये खोटा ठरला तर मात्र पुढच्या वर्षी सभेला कुणी येत नाही.

मोजायचे सगळ्यांदेखत. विटा-खानापूर-आटपाडीचा माणूस गलाईच्या धंद्यात देशभर गेला आहे. सोने-चांदी गाळणाऱ्याच्या दुकानात गिऱ्हाईक काटा पाहतो, मगच माल देतो. आडोशाला केलेले वजन कुणी मान्य करत नाही. विहिरीचेही तसेच. टेप सोडताना तिथे तीन-चार शेतकरी हवेत, त्यांत त्या विहिरीवर भागी असलेले दोघे तरी हवेत, आणि आकडा तिथेच वहीत चढवून त्यावर त्यांची सही किंवा अंगठा हवा. जुन्या बांधीव विहिरींना पायऱ्या असतात. ‘गेल्या दसऱ्याला पाणी कितव्या पायरीला होते?’ हा प्रश्न विचारला की म्हातारी माणसे चूक काढायला पुढे येतात, एकमेकांशी भांडतात, आणि वीस वर्षांचा आलेख तुम्हाला फुकट मिळतो. मीटर त्यानंतर. पायरीच्या शेजारी परस, परसाच्या शेजारी मीटर, असे तीन रकाने ठेवले तर गावही वाचते आणि कचेरीही.

गलाईवाल्यांचा उल्लेख आलाच आहे तर एक अडचणही सांगायला हवी. गावातली बरीच जमीन ज्यांच्या नावावर आहे ते तमिळनाडूत, केरळात, उत्तरेत दुकाने चालवतात. सातबारावर नाव त्यांचे, बोअर पाडायचा पैसा त्यांचा, आणि सभेला येतो त्यांचा म्हातारा बाप किंवा भावकीतला कुणी. ज्याने ठरवायचे तो सभेत नसेल तर ठराव हा नुसता कागद राहतो. दसऱ्याला, गावच्या जत्रेला ही माणसे हमखास घरी असतात. विट्याच्या पालख्यांची शर्यत बघायला आलेला माणूस दुसऱ्या दिवशी गावातच असतो. ठरावाची सभा त्या दिवसांत घ्यावी, आणि ज्याला येता येत नाही त्याला तक्त्याचा फोटो आणि दोन मिनिटांचा आवाज मोबाइलवर पाठवावा. पुस्तिकेत याचा नमुना दिला आहे.

याहून मोठी गैरहजेरी बायकांची. रात्रीची लाइट असली की दारे धरायला बाई जाते, विहीर आटत आल्याचे तिला आधी कळते, हंडा तिच्याच डोक्यावर. आणि सभेत ती मागे, पदर सावरून, बोलायला कुणी सांगत नाही म्हणून गप्प. आकडे मांडणाऱ्याला याचे उत्तर भाषणात सापडणार नाही, कामाच्या वाटणीत सापडेल. मोजणीच्या वहीची जबाबदारी बचत गटाकडे दिली की आकडा सांगायला तीच उभी राहते, आणि तिला प्रश्न विचारला तर उत्तर तिच्याजवळच असते. भूमिहीनांनाही मोजणीत घ्यावे. ज्याला पाण्यात वाटा नाही तोही विहिरीच्या कडेला उभा असला की वाट्याचा प्रश्न आपोआप निघतो. बलवडीत तो निघाला होता.

तक्ता कसा काढायचा यावर पुस्तिकेत भरपूर आहे, म्हणून मी थोडेच लिहितो. कोरडे गाव, वीज येते-जाते. प्रोजेक्टरवर भिस्त ठेवू नका. देवळाच्या सभामंडपात रांगोळीने शिवाराचा नकाशा काढावा, ओढे निळ्या रंगाने, विहिरी खड्यांनी दाखवाव्यात. जिथे पाणी तीन परसांहून खाली गेले तिथे लाल खडा. लोक नकाशाभोवती उभे राहतात, आपली विहीर शोधतात, खडा चुकला असेल तर स्वतः उचलून बदलतात. हातात घेऊन बदलता येतो असा आकडा लोक आपला मानतात. आणि एका सभेत एकच निर्णय मागावा. मी अशा सादरीकरणांना बसलो आहे जिथे पाऊस, माती, पिके, गुरे, लोकसंख्या अशा चाळीस पानांनंतर ‘तर गावाने पाणी जपून वापरावे’ असा शेवट झाला. जपून वापरावे हा निर्णय होत नाही. ‘यंदा पूर्वहंगामी लागण करायची नाही’, ‘पाचशे फुटांखाली बोअर पाडू द्यायचा नाही’, ‘ओढ्याच्या बंधाऱ्यावरून मोटार टाकायची नाही’ हे निर्णय होतात, कारण उद्या सकाळी ते पाळले की मोडले हे दिसते.

अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने हे वर्षानुवर्षे करून दाखवले. पावसाळा संपला की पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे येतो. आधी माणसे, मग गुरे, मग उरेल त्यात कोणती पिके, हे सभेत ठरते. ऊस आणि केळी गावाने बंद केली आहेत, शेतीसाठी बोअर पाडायचा नाही असा गावाचा नियम आहे. तिथे जाऊन आलेले अनेक जण पोपटराव पवारांच्या नेतृत्वाची वाखाणणी करतात आणि ती योग्यच आहे. मला मात्र तिथली तारीख महत्त्वाची वाटते. ताळेबंद पेरणीच्या आधी येतो, दरवर्षी येतो, पाऊस चांगला झाला तरी येतो. चांगल्या वर्षी आकडे मांडायची सवय असेल तरच वाईट वर्षी ते ऐकले जातात.

विट्याला मोजले जाण्याचा वेगळा अनुभवही आहे. २०२१ च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाहून कमी वस्तीच्या शहरांत विटा देशात पहिले आले. घरोघरचा कचरा वेगळा होतो का, उचलला जातो का, याचे गुण पडत होते आणि ते गुण उघड होते. गल्लीतल्या माणसाला आपल्या गल्लीचे काय चालले आहे ते कळत होते. शहराने कचऱ्याचे जे करून दाखवले ते तालुक्यातल्या गावांना पाण्याचे करता यावे, एवढी ताकद या मातीत आहे असे मी मानतो.

आता टेंभूच्या विस्ताराला वाढीव ८ टीएमसी पाण्याची मान्यता मिळाली आहे. जी गावे आजवर लाभक्षेत्राबाहेर होती त्यांच्या शिवारात पाणी येईल. ते आले की पहिल्या दोन वर्षांत तिथली पीकपद्धत ठरून जाईल, आणि एकदा ठरलेली पीकपद्धत बदलणे किती कठीण असते हे कृष्णाकाठाने दाखवले आहे. पाइप पुरण्याआधीच्या या काळात त्या गावांच्या हातात आपापल्या शिवाराचा हिशेब असायला हवा: विहिरी किती, पाणी कितव्या पायरीला, कुटुंबे किती, भूमिहीन किती, आणि वाट्याला येणाऱ्या पाण्यातून एकरी किती लिटर. पुस्तिकेच्या शेवटी त्यासाठी कोरे तक्ते जोडले आहेत. पहिला तक्ता सप्टेंबरअखेरच्या विहीर मोजणीचा आहे. तो भरायला एक टेप, एक वही आणि गावातली चार माणसे पुरतात.